एकतिसावा दिवस

पाच हजार मीटरवर, पत्र्यांच्या गावात
माझ्या दवाखान्याला एकच खिडकी आहे
आणि खिडकीत हिमनदी,
दरवर्षी थोडी मागे सरकणारी,
म्हाताऱ्याच्या हिरडीसारखी.

सातुर्निनो किल्या दर दीड महिन्यानं येतो.
बूट दाराबाहेर काढतो, नको म्हटलं तरी.
ओठ जांभळे, नखं जांभळी.
म्हणतो, रात्रभर कानात कुणीतरी जातं ओढतं.

इथल्या एका श्वासात निम्माच श्वास असतो.
मग हाडांच्या पोकळीतला कारखाना घाबरतो,
पाळीवर पाळी लावतो,
हमाल काढतो, आणखी हमाल, आणखी हमाल.
ओझं तेवढंच,
आणि वाट केसाएवढी.

जगात सगळीकडे राबणाऱ्याच्या रक्ताचं पाणी होतं.
इथे काकवी होते.

त्याची शीर शोधावी लागत नाही.
दोरखंडासारखी वर आलेली असते.
सुई जाते, पण रक्त विचार करत येतं,
काळपट, नळीच्या वळणावर थबकत.
"आज किती?"
"तेवीस."
खाली समुद्रकाठी हा आकडा दिसला
तर डॉक्टर आधी यंत्र दुरुस्तीला पाठवतील.

खाणीचा नियम मला त्यानंच सांगितला.
तीस दिवस फुकट राबायचं.
एकतिसाव्या दिवशी पाठीवर मावेल तेवढा दगड आपला.
दगडात सोनं असेल, नसेल.
मागच्या महिन्यात नव्हतं.
त्याच्या मागच्या महिन्यात एरमेलिंदानं,
त्याच्या बायकोनं,
टाकलेल्या खडीत बसून बोटभर वेचलं,
त्यात गॅसची टाकी आली.

मी त्याच्या छातीला नळी लावते.
उजवा कप्पा थकलाय. दार नीट मिटत नाही,
थोडं रक्त दर ठोक्याला मागे घरंगळतं,
चढावर सुटलेल्या गाड्यासारखं.
पुन्हा ढकलायचं.
तीस दिवस, आणि तीस, आणि तीस.
याला कुणी एकतिसावा दिवस दिलेला नाही.

पिशवी भरत असताना तो सहसा गप्प असतो.
आज म्हणाला,
खाली शहरात रुफिना बाळंत झाली. मुलगी आहे.
फार रक्त गेलं तिचं.
दोन पिशव्या चढवल्या, कुणा परक्यांच्या.
मी इथे होतो.
माझ्याकडे एवढं असताना.

मी गटाचं सांगितलं, रस्त्याचं सांगितलं,
पुराव्यादाखल तक्त्यावरची रेघ दाखवली.
खरं कारण चार शब्दांचं आहे,
तुमचं रक्त आजारी धरतात.
ते ओठावर आलं, आणि मी चिकटपट्टी फाडायला घेतली.

"मग ह्याचं काय करता?"
"जाळतो."
तो पिशवीकडे बघत राहिला,
बापानं परगावी निघालेल्या पोराकडे बघावं तसा.
"डोंगराला दिलं असतं," म्हणाला, "अर्धा पेला.
दारू ओततोच की आम्ही.
तो आधी घेतो, मग देतो."
नियमात बसत नाही, मी म्हटलं.
तो हसला. नियम त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

खिडकीतून पाहिलं.
बूट घालून तो चार पावलं गेला, वाकला,
कोपरातला कापसाचा बोळा काढून
एका दगडाखाली सरकवला, बर्फात.
वर टोपी नीट केली आणि चढ चढू लागला,
दर वीस पावलांवर थांबत.

दवाखान्यात मग कुणी नव्हतं.
मी माझ्याच बोटाला टोचलं.
आले तेव्हा तेरा होतं.
आई फोनवर म्हणते, गाल लाल झालेत गं,
मानवली तुला तिथली हवा.
अंगठी आठवडाभर निघत नाहीये, साबणानंही नाही.

एकोणीस.

वहीत तेवीस लिहिलं, त्याच्या नावापुढे.
माझं लिहिलं नाही.
भिंतीवरच्या कॅलेंडरात
आज एकोणतीस तारीख आहे.