पाच गुणांचा प्रश्न

पहिल्या वर्षाला पेशी शिकवताना मी
आधी फळ्यावर एक वेडंवाकडं वर्तुळ काढतो.
ही भिंत नव्हे, म्हणतो, हे पटल:
स्निग्ध रेणूंच्या दोन रांगा,
बाजारात बांगडे मांडावेत तशा, शेपटीला शेपटी लावून,
तोंडं मात्र पाण्याकडे.
आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त.
मधे दारं.
आकडे उतरून घ्या.

एर्मेलिंदा चोडणची, फेरीबोटीने येणारी,
म्हणून रोज सात मिनिटं उशिरा.
मागच्या बाकावरून, वही न उघडताच म्हणाली,
"सर, ही तर मानस."
वर्ग हसला. मीही, थोडासा.
मी मडगावच्या फ्लॅटमधला. खाजन शेत मला माहीत
बसच्या खिडकीतून: ओलं, हिरवं, निनावी.

रविवारी गेलो.
तिचे वडील इनास बांधावर उकिडवे बसून
कुर्ल्यांची बिळं चिखलाने बुजवत होते,
बिळागणिक एक शिवी,
हळू आवाजात, कारण शेजारीच खुरीस.
त्यांनी मानशीची लाकडी दारं दाखवली.
भरती आली की नदीच ती ढकलून लावते,
ओहोटीला आतलं पाणी उघडतं.
"म्हणजे फुकटच चालतं," मी म्हणालो.
त्यांनी चिखलाचे दोन्ही हात माझ्यापुढे धरले
आणि पुढच्या बिळाकडे वळले.

सप्टेंबरातल्या पुनवेला बांध फुटला.
रात्री हातभर भगदाड,
उजाडेपर्यंत होडी जाईल एवढं.
कोरगुट ओंब्यांवर आलेला.
खारं सोसणारं भात ते, खरं,
पण सोसणं म्हणजे बुडून राहणं नव्हे.
तिसऱ्या दिवशी मी पाहिलं,
नदी आणि शेत एका पातळीत, एका रंगाचे,
इतके शांत
की परगावचा कुणी फोटो काढायला थांबला असता.

समतोल हा शब्द मी वीस वर्षं
चांगल्या अर्थाने वापरत आलोय.
पेशी मरते तेव्हा हेच तर होतं:
पंप थांबतात, दारं सैल पडतात,
बाहेरचं आत येतं, आतलं बाहेर जातं,
सगळीकडे सारखं,
कुणाकडे कमी नाही, कुणाकडे जास्त नाही,
आणि तिथे कुणीच नाही.

परीक्षेत प्रश्न माझाच होता:
पेशी काहीच करत नसते तेव्हाही ऊर्जा का खर्च करते? गुण पाच.
तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत,
दर खेपेला एक एटीपी मोडायचा:
एवढं लिहिलं की झालं.
एर्मेलिंदाने लिहिलं होतं,
"काहीच करत नाही असं लांबून दिसतं.
भरतीला सुट्टी नसते.
पप्पा रात्री दोनदा उठतात."
खाली एक ओळ खोडलेली. उजेडात धरून पाहिली,
वाचता आली नाही.

मी दोन गुण दिले.
नमुना उत्तरात भरती नव्हती,
तिच्या उत्तरात एटीपी नव्हता.
यादी पुढे गेली.

नंतर एकदा जिन्यात भेटली तेव्हा गुणांचं बोलली नाही.
"बांध झाला, सर," म्हणाली. "गवत, चिखल, नऊ दिवस.
भात गेलं."
आणि फेरी चुकेल म्हणून धावत सुटली.

त्या रात्री मी काहीच करत नव्हतो.
पंख्याखाली उताणा, डोळे मिटलेले,
लांबून पाहिलं तर झोपलेला माणूस.
आत कातडीखाली, यकृतात, डोळ्यांच्या मागे,
मोजता येणार नाहीत इतके जण उकिडवे बसलेले,
तीन बाहेर, दोन आत, तीन बाहेर,
आणि शिवी द्यायलाही कुणाला उसंत नाही.
मी त्यांना कधी काही दिलं असेल
तर संध्याकाळची पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा.

पाणी प्यायला उठलो.
पहाटेकडे, कारण नसताना, पुन्हा एकदा.