साडेतीन मिनिटं

शनिवारच्या पुरवणीत लवंदे सरांनी लिहिलं,
‘फेरीबोटीचा प्रसंग साडेतीन मिनिटं नुसता रेंगाळतो.
कात्री लावायचं धाडस हवं होतं. दोन तारे.’

आमच्याकडे तो कागद मंगळवारी पोचला,
दुर्गीच्या टोपलीत, बांगड्यांवर झाकलेला.
तिनं बांगडे उचलले, मी कागद.
मोठ्यानं वाचला.
रुझार वरून केबिनमधून ओरडला,
“साडेतीन? चोडण ते रायबंदर साडेतीन मिनिटांत
कोण नेतो रे, त्याचा बापूय?
भरतीला सात लागतात. वारा असला तर नऊ.
दिग्दर्शकानं घाई केली, तेवढीच त्याची चूक.”

आम्ही आठ जण गेलो होतो पणजीला, दुपारच्या खेळाला.
पडद्यावरची फेरी आमच्यासारखीच गंजकी,
कठड्याच्या पांढऱ्या रंगाला पोपडे,
आणि एक माणूस भावाची सायकल घरी नेतोय.
भाऊ खाणीवर गेला तो तिथलाच झाला.
माणूस बोलत नाही. गाणं नाही. पाणी तेवढं.
हँडल दोन्ही हातांनी धरलंय,
जसं कुणी निघालेल्याला धरावं.

अंधारात मीच म्हणालो, “स्टँड लाव रे.”
सवय. दिवसातून शंभरदा म्हणतो,
पगारच त्याचा घेतो.
पुढच्या रांगेत कुणीतरी खिदळलं.
त्यानं स्टँड लावलाच नाही,
पलीकडचा काठ आला तरी.
शेजारी फटी नाक शिंकरत होता,
म्हणे एसीची सर्दी.

सगळंच आवडलं असं नाही.
मासे विकून आलेल्या बाईचा पदर
एवढा इस्त्रीचा कसा, हे दुर्गीला अजून खुपतं.
इनास मध्यंतरापर्यंत घोरला
आणि तरी सगळ्यांत ठाम मत त्याचंच.
शेवटावरून तर दोघांचं बोलणं बंद आहे.

आणि गेल्या वर्षी सरांनी
साडेचार तारे दिलेला तो धुक्याचा सिनेमा,
रुझारनं स्वतःच्या खिशातून तिकिटं काढून दाखवला होता.
पाऊण तासात सगळे बाहेर, भजी-पाव खात, सरांच्या नावानं बोटं मोडत.
मी आतच बसलो. पाय आखडलाय म्हणालो.
मला तो आवडला होता.
हे रुझारला अजून ठाऊक नाही.

रविवारी सर स्वतःच आले, स्कूटर घेऊन,
चोडणला बहिणीकडे. फोटोतल्यापेक्षा बारीक.
चढल्या चढल्या स्टँड लावला, न सांगता.
दुर्गीनं सरळ विचारलं,
“तुम्ही तो कुठं बसून बघितला?”
म्हणाले, सकाळी साडेनऊला,
आम्हा लिहिणाऱ्यांसाठी वेगळा खेळ असतो.
सहा जण होतो. गुडघ्यावर वही.
“मग वहीत बघत होता की पडद्यावर?”
सर हसले. खोटं नाही हसले.
जरा वेळानं म्हणाले,
“बाय, महिन्याला वीस बघतो मी.
विसाव्या सिनेमात कुठलीही नदी रुंदच वाटते.”

यावर कुणाला काही सुचलं नाही.
इनासलासुद्धा.
इंजिन रुझारनं मुद्दाम मंद केलं का,
मी विचारलं नाही.
अकरा मिनिटं लागली त्या दिवशी.
सरांनी दोनदा घड्याळ बघितलं,
मग खारफुटीकडे बघत राहिले, बगळा उडाला तरी तिथंच.

पुढच्या शनिवारी वेगळा सिनेमा होता. तीन तारे.
नदीचं नाव नाही.

परवा शेवटच्या फेरीला एक पोरगा चढला,
लेडीज सायकल घेऊन,
कॅरियरला कापडी पिशवी, आवळून बांधलेली.
स्टँड न लावता उभा.
नियम आहे हटकायचा.
मी साखळी अडकवली, त्याच्यापर्यंत गेलो,
आणि परत येऊन
साखळी लागलीय का ते पुन्हा बघितलं.