निशाणी चौदा

वही शाळकरी, मागे पाढे छापलेले,
एकोणतिसाच्या पाढ्यावर चहाच्या कपाचं कडं.
पानाला साडेतीनशे हा माझा भाव,
दोन्ही पक्षांना सारखाच.

दावा काचेच्या तंतूंच्या जुडीचा:
या टोकाला चित्र धरा, त्या टोकाला तेच दिसतं,
मधे कितीही वाकवा.
डॉक्टर तीच पोटात घालून आतडं बघतात.
पुण्याची कंपनी म्हणते, आम्ही आधी.
गोळीबार चौकाचे देवराव धकाते, मूळचे विणकर,
काही म्हणत नाहीत. वही म्हणते:

"ताणा अकराशेचा. इकडे ज्याच्या शेजारी जो,
तिकडे त्याच्या शेजारी तोच. फणीतून ओढला.
तीन तुटले. कंदिलापुढे पोरीचं नाव धरलं.
जमलं."

या एका शब्दाला मी इंग्रजीत सहा लावून पाहिले.
एकात तोरा फार, एकात घाम कमी,
एक तर नुसता गर्दीला शोभणारा.
शेवटी तो तसाच ठेवून खाली टीप दिली.
टीप पानापेक्षा लांब झाली.

तारखेच्या जागी: "उद्या मारबत.
औंदा बडग्या टेलिफोनचा."
साल नाही.

मग जागनाथ बुधवारीचे एक आजोबा
टोपी सावरत पिंजऱ्यात उभे राहिले.
"टेलिफोनचा बडग्या दोनदा निघाला, जी.
लाइन तवाही बंद होती, मंगही बंदच."
एकदा कंपनीच्या अर्जाच्या अलीकडे,
एकदा पलीकडे.
कोर्ट हसलं. न्यायमूर्तींनी चष्मा पुसला
आणि पुढची तारीख दिली.

बाहेर कडुलिंबाखाली देवरावांनी डबा उघडला,
अर्धी भाकर मला.
साल आठवतं का, मी विचारलं.
"साल नाही आठवत. तुटलेले तीन आठवतात.
एक तं नेमका टिंबावर आला, जी.
चंद्रकलाची चद्रकला झाली.
लय रडली. तिनंच लिहिलं होतं नं,
पाटीवर, पहिल्यांदा.
दोन महिने झाले होते शाळेत घालून."

हे वहीत नाही.
शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरात मात्र
साल असतं, तारीख असते, शाईत.

मी भाकरीचा तुकडा मोडला.
पानाला साडेतीनशे.
हे पान मला कोणी दिलेलं नव्हतं.