रकाना सात

दर गुरुवारी, स्टोकच्या आयसीयूत,
क्लिफर्ड ब्रॅटच्या माकडहाडावर
पारदर्शक कागद धरून
मी जखमेची कड गिरवायचे.
श्वास यंत्र घ्यायचं.
तो नुसता असायचा.

चाळीस वर्षं त्याने कच्च्या बशांच्या कडा घासल्या,
भुकटी छातीत उतरत गेली.

मार्चात जखम बशीएवढी.
मग रुपयाएवढी
(पेनी लिहायला हवं होतं, वहीत रुपयाच राहिला).
मग मुगाची डाळ.
काल कागद कोरा:
खाली तान्ह्याच्या टाळूसारखी
गुलाबी, लवलवती कातडी.

पहाटे छाती थांबली.

रकाना सात: जखम पूर्ण भरली?
हो, लिहिलं.

बाहेर डोरीनने चहा संपवला,
सवयीने कप उलटा करून
बुडाचा शिक्का पाहिला.
‘इथला नाही,’ म्हणाली.