वाट बघण्याचा आकडा

नव्या पेठेत चपलांच्या दुकानावर
इरप्पाचं दुकान. आता तो कॅमेरेच जास्त विकतो,
पण मागच्या फळीवर दोन मदरबोर्ड
गड्ड्याच्या जत्रेपासून माझ्यासाठी राखून होता.

एकावर ड्रॅगन. करंट दिला की लाल-निळं काहीबाही पेटणार.
दुसरा तपकिरी, तहसील कचेरीसारखा उदास,
पण प्रोसेसरच्या खोबणीभोवती
ॲल्युमिनियमचे जाड ठोकळे, खाचा पाडलेले.

नायना म्हणाले, दे इकडं.
चाळीस वर्षं जॉबर. बिघडलेले माग त्यांच्याकडं बघून सुरू व्हायचे.
दोन बोर्ड दोन तळहातांवर घेतले,
टॉवेलचं वजन बघतात तसे, डोळे मिटून.
"ह्यो घे. ह्याच्यात माल हाय.
त्याच्यात नुसती लायटिंग."
इरप्पा हसला. ड्रॅगन दीड हजारानं महाग होता.

मग रॅम.
एका डबीवर बत्तीसशे आणि सोळा,
दुसरीवर छत्तीसशे आणि अठरा.
"हे काय?"
पहिला वेग, मी म्हटलं. दुसरा,
मागितल्यावर किती ठोके वाट बघायची, तो.
त्यांनी पावतीच्या पाठीवर पेन्सिलीनं भागाकार केला.
"इकडं दोनशे. तिकडं पण दोनशे.
वाट तेवढीच की गं. मग सातशे रुपये जास्त कशाचे?"

तेवढंच नसतं ते, सांगणार होते मी,
एका फेरीत माल जास्त वाहतो वगैरे.
पण सहा महिने तक्ते वाचत होते
आणि हा भागाकार मला सुचला नव्हता.
बत्तीसशेची जोडी घेतली.

घरी सांगितलेलं: टॉवेलच्या डिझाइनसाठी.
अक्कलकोट रोडचा कारखाना पैसे देतो, तेव्हा खोटं नाही.
पण मला बघायचं होतं
कंपनीनं छापलेल्या आकड्याच्या पुढं
किती जाता येतं.

नायना ही भूक ओळखतात.
सेठनं सांगितलं नव्हतं, हौसेनंच
त्यांनी एकदा मोटरची पुली बदलली. अर्धा इंच मोठी,
मग आणखी अर्धा.
मिनिटाला एकशे साठ धागे, एकशे ऐंशी,
सगळं खातं जमलं बघायला.
दोनशेला धोटा उडाला.
अंबादासकाकांच्या गालावरच्या खुणेला
मी लहानपणी खळी समजायचे.

मे. रात्रीचा दीड. पारा दिवसा चव्वेचाळीसला जाऊन आलेला,
भिंती तो अजून परत करतायत.
कॅबिनेटचे पैसे उरले नाहीत,
बोर्ड त्याच्याच खोक्यावर उघडा पडलाय.
व्होल्टेज जरासं वर.
चौतीसशे. छत्तीसशे. अडतीसशे.
चाचणीच्या ओळी हिरव्या, हिरव्या,
आणि तिसऱ्या फेरीत एक लाल.

मागांनी नायनांचे कान नेले,
पण खोलीतली बसण्याची ढब बदलली की त्यांना कळतं.
"तुटला?"
एकच, मी बोट दाखवलं.
"कितीत?"
कोट्यवधीत एक.
"मग कापड गेलं. जरा मागं ये."

छत्तीसशेवर आले.
वाट बघण्याचा आकडा सोळाच ठेवला,
तेवढा हट्ट सोडला नाही.
पहाटेपर्यंत लाल काही दिसलं नाही.
नायनांनी ठोकळ्यावर बोट टेकवलं,
मोटरवर टेकवायचे तसं,
सात मोजेपर्यंत टिकलं तर ठीक.
ओठ हलत होते. पाच. सहा.
"चालु," म्हणाले.

हा शब्द आमच्या घरात दोन भाषांतून येतो.
आई भात वाढताना ताटावर हात आडवा धरून म्हणतात
तो तेलुगू: पुरे.
खात्यात बटण दाबून म्हणायचे
तो मराठी.
कुठला, ते मी विचारलं नाही. ते झोपायला गेले.

छत्तीसशे आणि अडतीसशेच्या मध्ये
सदतीसशे तेहतीस असतं.