जोडी क्रमांक सतरा

डिसेंबरात कुओपिओला अडीच वाजताच
खिडकीची काच निळी पडते.
मी दिवा लावतो आणि पुन्हा मोजायला बसतो.

काम तसं कारकुनाचं.
औषधोपचारांचे पद्धतशीर आढावे,
आधी एका मोठ्या संग्रहात, ऐसपैस,
मग कुठल्याशा नियतकालिकात
आखूड कपडे घालून पुन्हा छापलेले.
एकाच मजकुराच्या एक्केचाळीस जोड्या.
प्रश्न एवढाच : दोनदा छापलं
तर दाखले वाढतात का?

वाढतात.
उत्तर नोव्हेंबरातच हाती आलं होतं.
आलेख काढला, निळा खांब, करडा खांब.
इल्पो म्हणाला, छान, आता लिहून टाक.

लिहिलं असतं.
पण सतरावी जोडी हिल्का वार्तिआइनेनची आहे.

ओझं उचलणाऱ्यांनी कमरेला पट्टा बांधला
तर दुखणं टळतं का?
एकशे बारा पानं. अकरा चाचण्या.
गोठ्यातल्या बायका, विमानतळावरचे हमाल, पोस्टमन.
एका डच चाचणीसाठी ती चार महिने पत्रं पाठवत राहिली,
शेवटी उत्तर आलं लेखकाच्या विधवेचं,
सोबत नोंदींचं अख्खं खोकं,
तळाशी त्याचा चष्मा.
हिल्काने निष्कर्ष लिहिला :
बहुधा उपयोग होतो.

नियतकालिकाने सहा पानं मागितली.
तक्ते गेले, खोकं गेलं,
आणि 'बहुधा' सातव्या पानावर आला असता,
पण पानं सहाच होती.

लांबीला अडतीस दाखले.
आखुडीला सहाशे अकरा.
नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय.

पाच वर्षांनी नव्या चार चाचण्या आल्या.
हिल्काने सगळं पुन्हा मांडलं, पुन्हा मोजलं,
आणि उपयोग विरघळून गेला.
बांधा, नका बांधू, कंबर तेवढीच दुखते.
तिने संग्रहातला निष्कर्ष बदलला.
सहा पानं मात्र जशीच्या तशी राहिली,
आणि त्यांचे निम्म्याहून जास्त दाखले
त्यानंतरचे आहेत.
संपादकांनी कळवलं :
आमच्या लेखी ते स्वतंत्र प्रकाशन आहे.

रविवारी नको म्हणाली, म्हणून सोमवारी गेलो.
निवृत्त झाल्यापासून ती कल्लावेसीच्या काठी राहते,
तळं गोठलेलं, त्यावर कुणाच्या तरी स्कीच्या दोन रेघा,
काही अंतर शेजारी शेजारी, मग फाकलेल्या.
तिने कालाकुक्कोचं कवच कापलं,
आतून वाफ आणि माशाचा वास.
आलेख तिने चष्म्याशिवाय पाहिला, लांब धरून.
"यातली मी कुठल्या रंगाची?"
दोन्ही, मी म्हणालो.
"अरे वा," म्हणाली, आणि पावाला लोणी लावत राहिली.

तेवढ्यात पोस्टमन आला. व्हिल्हो.
पार्सल ठेवायला वाकला तसं जॅकेट वर सरलं
आणि दिसला रुंद काळा पट्टा, खात्याने दिलेला.
"बरा आहे का?" मी उगाच विचारलं.
"ऊब राहते," तो म्हणाला. "आणि सिद्ध झालंय म्हणे,
कागद लावलाय आमच्याकडे भिंतीवर."
मी हिल्काकडे पाहिलं.
तिने त्याच्या कपात कॉफी ओतली,
काठोकाठ, इतकी की त्याला
उभ्याउभ्याच वाकून पहिला घोट घ्यावा लागला.
तो गेल्यावर म्हणाली,
"दोनदा सांगितलंय त्याला. हसतो."

परतीच्या बसमध्ये मी तक्ता उघडला.
सतरावी ओळ. अडतीस, सहाशे अकरा.
भिंतीवरच्या कागदासाठी रकाना नाही,
चष्म्यासाठी नाही,
सांगून हसल्यासाठी नाही.

रात्री निबंध लिहायला घेतला.
पहिल्याच परिच्छेदात, जरा ओढूनताणूनच,
हिल्काच्या लांब आढाव्याचा दाखला दिला,
नव्या निष्कर्षासकट.
अडतीसचे एकोणचाळीस.

माझ्या आलेखात ते धरता येणार नाहीत.
मोजणी नोव्हेंबरात संपली.