दहा तारीख

अंबडची कंपनी बंद पडली तेव्हा
माझ्या गाडीचे तीन हप्ते थकले होते.
बच्छावनं लेखानगरच्या सिग्नलला गाठलं,
चावी मागितली, मी दिली.
एवढंच.
भांडण होईल असं त्याला वाटलं असावं,
कारण गाडी टेम्पोत चढवून तो परत आला,
म्हणाला, काय करता हल्ली?
काही नाही.
मग या उद्या. कॅनडा कॉर्नर, दुसरा मजला,
खाली झेरॉक्सवाला आहे.

साहेबांनी विचारलं, आवाज चढतो का?
म्हटलं, लेथवर अकरा वर्षं काढली,
तिथं कुजबुजसुद्धा ओरडून करतात.
ते हसले. मग सांगितलं,
चढवायचा नाही. नियम आहे.
आठच्या आधी फोन नाही, सातनंतर दार नाही.
शेजाऱ्यापाशी बोभाटा नाही.
शेजाऱ्याला पत्ता विचारायला मात्र हरकत नाही,
हे बच्छाव जिन्यात म्हणाला.

परीक्षा पास झालो. ओळखपत्र आलं.
फोटोत मी
कुणाचं तरी देणं लागत असल्यासारखा.

पुढचं दारांनी शिकवलं.
दुपारी तीनला दोरीवर गणवेशाची ओली पँट
म्हणजे माणूस रात्रपाळीचा, आत झोपलेला.
कुत्रा भुंकता भुंकता मध्येच थांबला,
तर आतून कुणीतरी त्याचं तोंड धरलंय.
देवाच्या शपथेला तारीख नसते.
'बघतो'ला असते कधी कधी.

पवननगरला भामरेबाई, पिको-फॉलचं दुकान,
मशीन कर्जावर, दोन हप्ते मागे.
पदराची कड संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.
मग बटणांचा डबा उपडा केला,
बटणांतून नाणी-नोटा निवडल्या.
चारशे सत्तर.
बाकीचे?
दहाला.
मी मोबाईलवर रकाने भरत होतो
तेव्हा म्हणाल्या, तुमचंच लोंबतंय की, या इकडं.
हा दोऱ्याचा तुकडा धरा दातात,
अंगावरचं शिवताना तोंड रिकामं नसावं.

धरला.
सुई छातीपासून बोटभर,
मला बोलता येत नव्हतं,
आणि शटरबाहेर बच्छाव हॉर्न वाजवत होता.

शेऱ्यात लिहिलं: ग्राहक भेटला. वचन दिलं.
दहाला रविवार येतो
हे आम्हा दोघांनाही भिंतीवर दिसत होतं.

रात्री बायकोनं शर्ट उजेडात धरला.
पांढऱ्याला हिरवा दोरा कुणी लावला?
म्हटलं, ऑफिसात तेवढाच होता.